आर्वो पार्टची घंटीवाली पद्धत दोन पेट्या आणि जलतरंगावर बसवायची आहे, कुठे चुकतंय?

वाघूरकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. कॉलेजच्या संगीत विभागाचा फेब्रुवारीत कार्यक्रम आहे. विषय 'आजचे पाश्चात्त्य शास्त्रीय रचनाकार'. आमच्या वाट्याला आर्वो पार्ट आलेत. त्यांची रचना जशीच्या तशी वाजवायची नाही. त्यांच्या पद्धतीने चार-पाच मिनिटांचं स्वतःचं काहीतरी उभं करायचं आहे.

हाताशी आहे ते असं: दोन पेट्या (साडेतीन सप्तकांच्या, एकीला कपलर), एक व्हायोलिन, चिनी मातीच्या वाट्यांचा जलतरंग, पितळी घंटा आणि गाणाऱ्या आठ मुली. तबलजी दोन आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

सध्या केलंय ते असं. सा पांढरी सहा. तानपुरा ॲपवर सा-प. एका पेटीवर सा, कोमल ग, प धरून ठेवलेले. त्यावर मुली आसावरी थाटाचे स्वर सावकाश गातात. ऐकायला ठीक लागतं, पण शाळेतल्या प्रार्थनेसारखं. पार्टचं ऐकताना जी किणकिण आणि मधेच अंगावर काटा आणणारी टोचणी जाणवते, ती यात नाही.

विचारायचं ते एवढंच:
१. टिंटिनाब्युली (पार्टची ही घंटीवाली पद्धत) म्हणजे नक्की काय करायचं?
२. पार्टच्या 'कॅन्टस' या रचनेत एकच सुरावट वेगवेगळ्या गतीत एकत्र चालते, ते आमच्या माणसांकडून होईल का?
३. देवळातली घंटा चालेल का?
४. निवेदनापुरती माणसाची माहिती. काही जण त्यांना अमेरिकन रचनाकार स्टीव्ह राईशच्या पंगतीत बसवतात, ते बरोबर आहे का?

---

पेटीमास्तर (धुळे)

पहिल्यांदा तानपुरा बंद करा. निम्मी प्रार्थना तिथेच संपेल.

कारण सांगतो. तानपुऱ्याच्या सा च्या तारेतून पाचवा स्वरांश निघतो तो शुद्ध गंधार. कोमल गंधाराच्या रागात गायक तो सांभाळून घेतो, कारण त्याचा ग क्षणभर येतो आणि जातो. तुमच्या पेटीवर मात्र कोमल ग अखंड दाबलेला आहे. दोन गंधार मिनिटभर एकमेकांत घासत राहतात आणि सगळंच गढूळ होतं.

दुसरी चूक जास्त मोठी. तुम्ही सा-ग-प हा आधार म्हणून धरलाय. टिंटिनाब्युलीत तो आधार नसतो, तो दुसरा आवाज असतो आणि सुरावटीबरोबर पावलागणिक हलतो. दोनच आवाज. एक सुरावटीचा (मेलडीचा म्हणून त्याला एम म्हणतात), तो सप्तकात शेजारच्या शेजारच्या स्वरावर चालतो. दुसरा टिंटिनाब्युलीचा (टी), त्याला फक्त तीन स्वरांची परवानगी: सा, ग, प. एम चा एक स्वर, टी चा एक स्वर. तिसरं काही नाही.

टी ने कुठला स्वर घ्यायचा हे मनावर नाही. नियम आधी ठरतो आणि शेवटपर्यंत पाळला जातो. सगळ्यात सोपा नियम 'लगतचा वरचा': एम ज्या स्वरावर आहे त्याच्या वर सा-ग-प पैकी जो सगळ्यात जवळ असेल तो. दुसरा 'लगतचा खालचा'. एक सोडून पुढचा घेणं हेही चालतं, किंवा एकदा वरचा एकदा खालचा असं आलटून पालटून. पण एम चाच स्वर टी ने घ्यायचा नाही, दोघे एकाच पट्टीवर कधीच बसत नाहीत.

खाली ग, ध, नि सगळे कोमल समजा.

लगतचा वरचा: सा असताना ग, रे असताना ग, ग असताना प, म असताना प, प असताना तार सा, ध असताना तार सा, नि असताना तार सा.

लगतचा खालचा: तार सा असताना प, नि असताना प, ध असताना प, प असताना ग, म असताना ग, ग असताना सा, रे असताना सा, सा असताना मंद्र प.

आता पेटीवर एकेक जोडी वाजवून बघा. 'वरच्या' नियमात रे वर आलात की रे-ग ही लगतच्या पट्ट्यांची जोडी वाजते, अर्ध्या स्वराचं अंतर. 'खालच्या' नियमात तीच गोष्ट ध-प ला होते. तुम्ही ज्याला टोचणी म्हणता ती हीच. ती मुद्दाम पेरलेली नसते. एम आपल्या वाटेने चालतो, टी नियम पाळतो, आणि चालता चालता खांद्याला खांदा लागतो. तुम्ही तिन्ही स्वर सतत धरलेत म्हणजे हा धक्का सतत सगळ्याच बाजूंनी बसत राहिला, मग तो कानाला धक्का वाटणारच नाही.

एम ची चालही चार प्रकारांत बसते: सा पासून वर जाणे, सा पासून खाली जाणे, वरून सा वर येणे, खालून सा वर येणे. एवढंच. मींड, कण, मुरकी काही नाही. मुलींना हे सर्वांत जड जाणार. आसावरी म्हटलं की गळा आपोआप वळतो. त्यांना थाट म्हणूनच द्या, राग म्हणून देऊ नका.

नमुन्याला १९७६चं पियानोवरचं 'फ्युअर अलीना' ऐका. डावा हात सा-ग-प बाहेर जात नाही, अपवाद एकाच ठिकाणी. तिथे डावा हात रे वर जातो आणि छापील प्रतीत पार्टनी तिथे एक फूल काढलंय.

पेटीबद्दल. डावा हात भात्यावर असतो, म्हणजे एम आणि टी दोन्ही एकाच उजव्या पंजात येणार. दोघांत अंतर वाढलं की बोटं पोचत नाहीत आणि वाजवणारा लय सोडतो. म्हणून एका पेटीवर एम, दुसरीवर टी. कपलर काढून टाका, नाहीतर टी च्या प्रत्येक स्वराचं जुळं दुसऱ्या सप्तकात उगवतं. दोन्ही पेट्यांना एकच सुरांची ओळ उघडी ठेवा. दोन ओळी उघड्या असल्या आणि त्या किंचित उतरलेल्या असल्या (असतातच) तर लहरी येतात, आणि ध-प ची टोचणी त्या लहरींत हरवते.

खरं तर टी साठी पेटी नकोच. घंटेचा नाद वाजून विरतो, पेटीचा विरत नाही. टी जलतरंगाला द्या.

---

स्वरलिपी

आधी उच्चार. पार्ट नाही, पॅर्त. निवेदनात पहिल्याच वाक्यात चूक नको.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर, निवेदकाने निवडून घ्यावं:

जन्म ११ सप्टेंबर १९३५, एस्टोनियातलं पाइडे गाव. बालपण राक्वेरेत. टालिनच्या संगीत विद्यालयात हाइनो एलर यांच्याकडे शिक्षण. १९५८ ते १९६७ एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम. हा तपशील गाळू नका. माईकसमोर आवाज कसा पसरतो आणि कसा विरतो हे रोज ऐकणाऱ्या माणसाने पुढे हे संगीत लिहिलंय.

१९६०च्या 'नेक्रोलॉग'मध्ये त्यांनी बारा स्वरांची पद्धत (सा नाही, बाराही स्वर सारखे) वापरली आणि सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या रोषाला तोंड दिलं (एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता). १९६८चं 'क्रेडो' टालिनला नेमे यार्वींच्या संचालनाखाली झालं. त्यात बाखच्या एका प्रिल्यूडचा मोडतोड होऊन पुन्हा जुळणारा भाग आहे, आणि लॅटिनमध्ये 'मी येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवतो' अशी उघड कबुली. त्यानंतर ते काम वाजवणं बंद झालं. पुढची आठ वर्षं जवळपास गप्प. १९७१ची तिसरी सिंफनी आणि पोटापाण्यासाठी चित्रपटसंगीत सोडलं तर बाकी वेळ ग्रेगोरियन पठण (जुनं चर्चगायन) आणि जुनं बहुस्वरी गायन यांचा अभ्यास. याच काळात, १९७२ला, नोरांशी लग्न आणि ऑर्थोडॉक्स पंथात प्रवेश.

१९७६ला 'फ्युअर अलीना'ने कोंडी फुटली. लगोलग १९७७ला 'फ्राट्रेस', 'कॅन्टस' आणि 'टाबुला रासा', १९७८ला 'श्पीगल इम श्पीगल'. एवढी मोठी कामं दोन-तीन वर्षांत. १९८०ला कुटुंबासह देश सोडला, आधी व्हिएन्ना मग बर्लिन. १९८४ला ईसीएम कंपनीच्या मानफ्रेड आयशर यांनी 'टाबुला रासा'ची तबकडी काढली, त्यांच्या 'न्यू सिरीज'ची सुरुवात त्याच तबकडीने झाली आणि जगाला नाव कळलं. २०१०ला ते कायमचे एस्टोनियात परतले. टालिनजवळ लाउलास्मा इथे पाइनच्या झाडीत २०१८पासून आर्वो पॅर्त केंद्र सुरू आहे.

स्टीव्ह राईशशी बरोबरी वरवरची. दोघे थोडक्या सामानात काम करतात, इथवरच साम्य. राईशच्या १९७२च्या 'क्लॅपिंग म्युझिक'मध्ये बारा मात्रांचा टाळ्यांचा एकच साचा दोघे वाजवतात आणि एक जण दर काही आवर्तनांनी एक मात्रा पुढे सरकतो. तिथला सगळा खेळ नाडीचा, ती नाडी सतत ऐकू यायला हवी. पॅर्तकडे नाडी लपवलेली असते आणि खेळ दोन आवाजांच्या अंतराचा. 'पवित्र मिनिमलिझम' (थोडक्या सामानातलं धार्मिक संगीत) हे लेबल समीक्षकांनी चिकटवलंय, निवेदनात नसलं तरी चालेल.

हक्कांचंही लक्षात ठेवा. पॅर्त यांच्या रचना हक्काधीन आहेत, प्रती व्हिएन्नाच्या युनिव्हर्साल एडिशनकडे मिळतात. भारतात हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पद्धतीवर मात्र कुणाचा हक्क नसतो. तुम्ही नियम वापरून नवीन बांधताय, ते ठीक. 'श्पीगल'ची चाल उचलून कोमल-तीव्र बदललीत तर ते नवीन होत नाही.

---

ठाय_दुगुन (चाळीसगाव)

दुसरा प्रश्न माझ्याकडे. तबलजी रिकामे आहेत म्हणता ना, त्यांना हाच विभाग द्या. पण तबला वाजवू नका, एक ठेकाही नाही.

'कॅन्टस' ही इंग्रज रचनाकार बेंजामिन ब्रिटन ४ डिसेंबर १९७६ला वारले त्यांच्या स्मृतीत लिहिलेली रचना, तंतुवाद्यांचा ताफा आणि एक घंटा. त्यात एकच उतरती सुरावट आहे, फेरीगणिक वाढणारी: सा. मग सा नि. मग सा नि ध. दर वेळी पुन्हा वरच्या सा पासून सुरुवात आणि एक स्वर जास्त. हीच सुरावट पाच थर वाजवतात, प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या गतीने. एक, दोन, चार, आठ, सोळा. आपल्या भाषेत ठाय, दुगुन, चौगुन एकाच वेळी, फक्त दोन मजले आणखी. स्वरांची लांबी लांब-आखूड, लांब-आखूड, म्हणजे २ मात्रा आणि १ मात्रा.

तुम्ही तीन थर करा. हिशेब मांडून देतो.

संथ थर, मुली. तार सा पासून मध्य सा पर्यंत ८ स्वर. फेरीफेरीने १+२+३ करत ८ पर्यंत एकूण ३६ स्वर. लांब स्वर ८ मात्रा, आखूड ४. एक जोडी १२ मात्रांची, १८ जोड्या, २१६ मात्रा.

मधला थर, पहिली पेटी. तार सा पासून मंद्र प पर्यंत ११ स्वर, एकूण ६६. लांब ४, आखूड २. ३३ जोड्या, १९८ मात्रा.

जलद थर, व्हायोलिन. अतितार सा पासून दोन सप्तकं खाली, १५ स्वर, एकूण १२०. लांब २, आखूड १. ६० जोड्या, १८० मात्रा.

व्हायोलिन पहिल्या मात्रेला सुरू, पेटी ६ मात्रांनी उशिरा, मुली १२ मात्रांनी. मग व्हायोलिन १८०व्या मात्रेला संपतं, पेटी २०४ला, मुली २२८ला. मिनिटाला ५४ मात्रा धरल्यात तर एकूण सव्वाचार मिनिटांच्या आत-बाहेर. जो थर आधी संपतो त्याने शेवटचा स्वर धरून बाकीच्यांची वाट बघायची. व्हायोलिनवाल्याने तिथे गज बदलताना झटका द्यायचा नाही, ४८ मात्रा म्हणजे जवळपास पाऊण ते एक मिनिट काढायचं आहे.

हे कुठे फसतं ते सांगतो. लांब-आखूडचा क्रम फेरी बदलली तरी तुटत नाही. पहिला सा लांब. दुसऱ्या फेरीत सा आखूड, नि लांब. तिसरीत सा आखूड, नि लांब, ध आखूड. चौथीत सा पुन्हा लांब. मुली प्रत्येक फेरीचा सा लांबच घेणार, कारण तिथे सम आल्यासारखं वाटतं. एकदा असं झालं की ४ मात्रा वाढतात आणि पुढे काहीच जुळत नाही. उपाय: दोन तबलजी समोर बसवा. एकाने हाताने २+१ दाखवत राहायचं, दुसऱ्याने १२ मात्रांचं आवर्तन मोजून प्रत्येक १२ ला घंटा मारायची. २२८ म्हणजे बरोबर १९ आवर्तनं. एकतालाचे बोल मनात म्हटले तरी चालतील, तोंडातून बाहेर नकोत.

आणि आवाजाची चढण. तिन्ही थर हळू सुरू होऊन आपोआप दाट होत जातात. मुद्दाम जोर लावायची गरज नाही, खालचे स्वर येतात तसा आवाज भरतो.

---

वाघूरकाठ

पेटीमास्तर, रे-ग आणि ध-प वाजवून बघितलं. टोचणी सापडली. मोठं काम झालं.

दोन शंका. जलद थराची टी जलतरंगाला दिली तर किती वाट्या लागतील? आणि मुलींना नुसतं आकारात गाण्यापेक्षा शब्द हवेत. अहिराणीत एक ओळ केली आहे: पानी उना, नदी भरनी, वावर हासनं (पाऊस आला, नदी भरली, शेत हसलं). ती या सगळ्यात बसेल का?

---

तापीचं_पाणी (शिरपूर)

ओळ सुंदर शे भो. पण ती 'कॅन्टस'सारख्या उतरत्या थरांत कोंबू नका. शब्द आले की पॅर्तची पद्धत वेगळी असते. तिथे सुरावट शब्दांतूनच निघते. १९७७ची 'मिसा सिलाबिका' आणि १९८२चं 'पासिओ' याच हिशेबावर उभे आहेत. शब्दात जितकी अक्षरं तितकी पावलं. विरामचिन्हावर थांबा, स्वल्पविरामाला लहान, पूर्णविरामाला मोठा.

सुरुवातीला एक मिनिट शब्दांची ओळ करा, मग थर सुरू करा.

अडचण अक्षरं मोजण्यात आहे. लॅटिनमध्ये ती येत नाही, आपल्याकडे येते. 'भरनी' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना भर-नी, दोनच. 'वावर' लिहिताना तीन, बोलताना वा-वर. 'हासनं'चंही तसंच, हास-नं. ओवी गाताना आपण लिहिलेलं प्रत्येक अक्षर सुटं म्हणतो, म्हणून माझं मत लिहिल्याप्रमाणे मोजा. बोलल्याप्रमाणे मोजलं तरी गैर नाही, पण अर्धं असं अर्धं तसं केलंत तर नियमच उरत नाही.

नियम असा धरू: पहिला, तिसरा, पाचवा शब्द वरून सा वर उतरेल. दुसरा, चौथा, सहावा शब्द खालून सा वर चढेल. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर सा वर. टी कायम लगतचा वरचा.

पा-नी: रे सा. टी: ग ग.
उ-ना: मंद्र नि, सा. टी: सा ग.
न-दी: रे सा. टी: ग ग.
भ-र-नी: मंद्र ध, मंद्र नि, सा. टी: सा सा ग.
वा-व-र: ग रे सा. टी: प ग ग.
हा-स-नं: मंद्र ध, मंद्र नि, सा. टी: सा सा ग.

'वावर'चं पहिलं अक्षर बघा. सगळ्या ओळीत टी तिथेच एकदा प ला जातो. असं आपण ठरवलं नव्हतं, शेताच्या शब्दाला तीन अक्षरं आहेत म्हणून ते झालं. अशा ठिकाणी मुलींना आवाज वाढवायला सांगू नका.

चार मुली एम, चार मुली टी. टी म्हणणाऱ्यांना तेच शब्द, त्याच क्षणी. त्यांना ते कंटाळवाणं वाटेल (सा सा ग, ग ग) आणि त्या हळूहळू एम कडे ओढल्या जातील. सराव उलटा करा: आधी दोन दिवस फक्त टी सगळ्या आठ जणींकडून, मग वाटणी.

हीच ओळ न गाताही वापरता येते. 'सिलुआन्स साँग' (१९९१) मध्ये मजकूर वाद्यांनी 'म्हटलाय', कुणी गात नाही. शेवटी पेटीवर हीच ओळ शब्दांविना एकदा येऊ द्या.

---

वाटी_आणि_घंटा (भुसावळ)

जलतरंग: सहा वाट्या पुरतात. तार प, तार ग, तार सा, प, ग, सा. व्हायोलिनला नियम लगतचा खालचा द्या. अतितार सा ला तार प, तिथून खाली उतरत रे ला सा. अगदी शेवटच्या मध्य सा ला खाली मंद्र प ची वाटी लागेल, ती मोठी आणि मठ्ठ वाजते. तिथे जलतरंग गप्प ठेवा. व्हायोलिनच्या प्रत्येक स्वराला वाटी नको, लांब स्वरांनाच. नाहीतर ५४च्या लयीतही ती वाळूसारखी खळखळते.

पाणी घातलं की स्वर उतरतो, काढलं की चढतो. लहान वाटीत चमचाभर पाण्याने फार फरक पडतो, तेव्हा शेवटचं मिळवणं सुईविना ५ मिलीच्या सिरिंजने करा. फेब्रुवारीत दुपारी आपल्याकडे हवा कोरडी असते, वर पंखा. तासाभरात वाट्या चढलेल्या सापडतात. कार्यक्रमाच्या आधी वीसेक मिनिटं मिळवा, नंतर झाकून ठेवा. व्हायोलिनच्या खुंट्याही याच हवेत सैल पडून फिरतात, वाजवणाऱ्याला खुंटीचा लेप नाहीतर खडू जवळ ठेवायला सांगा.

पेटीमास्तरांशी एका गोष्टीवर मतभेद. विरत नाही म्हणून टी साठी पेटी बाद, हे मला पटत नाही. 'कॅन्टस'मधली तंतुवाद्यं तरी कुठे विरतात? पॅर्तनी ऑर्गनसाठीही लिहिलंय. 'आनुम पेर आनुम'मध्ये तर सुरुवातीचा स्वरमेळ दाबून ठेवून ऑर्गनची हवा बंद करायला सांगितलंय, आवाज दम तुटल्यासारखा मावळत जातो. ते पेटीवर अगदी सहज होतं: पट्टी दाबलेली ठेवा, भाता थांबवा. स्वर किंचित हलतो, हलू द्या. मुलींच्या थराची टी दुसऱ्या पेटीला द्या, लगतचा वरचा नियम. म्हणजे शेवटी मुली सा, व्हायोलिन सा, पहिली पेटी मंद्र प आणि दुसरी पेटी ग. तिन्ही स्वर भरतात आणि कोणी जास्तीचं काही वाजवलेलं नसतं.

आता घंटा. देवळातली घंटा चालेल, पण ती तुमच्या सा ला येणार नाही. तुम्ही तिच्या सा ला जा. अशा घंटा ओततात, सुरात लावत नाहीत. मोबाईलचा ट्यूनर एकाच घंटेला एकदा एक स्वर दाखवतो, दुसऱ्यांदा दुसरा, कारण टोल्याचा स्वर, मागे राहणारी घुमार आणि मधले स्वरांश वेगवेगळे असतात. आतल्या लोलकाने वाजवू नका, तो बांधून ठेवा. लाकडी मोगरीला जाड सुती कापड गुंडाळून बाहेरून, काठाजवळ मारा. पाच वेळा मारा, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबून जो स्वर ऐकू येतो तो गुणगुणा. पाचात चार वेळा एकच आला तर तो तिचा सा. तो पांढरी सहाच्या अर्ध्या स्वरात वर-खाली असेल तर सगळ्यांनी तिथे सरका. दोन पट्ट्यांच्या मधे पडला तर ती घंटा सोडा, कारण व्हायोलिन आणि वाट्या सरकतील, पेटी सरकणार नाही. स्केल चेंजर (पट्टी बदलता येणारी) पेटीही अर्ध्या अर्ध्या स्वरानेच सरकते. अशा वेळी शाळेचा पितळी टोल वाजवून बघा, नाहीतर सा ची मोठी वाटी.

'कॅन्टस'चा शेवट ऐकलाय ना? सगळी तंतुवाद्यं भरात असताना घंटेचा टोला इतका हलका पडतो की तो कळत नाही. मग तंतुवाद्यं एकदम थांबतात आणि घंटा उरते, आणि तिच्या स्वरांशांत शुद्ध गंधार ऐकू येतो. पूर्ण रचना कोमल गंधारात, आणि शेवटी हा. तुमच्या घंटेत तो येईलच असं नाही, पण टोला मात्र तसाच द्या: २२८व्या मात्रेनंतर सगळे धरून आहेत, ६ मात्रांनी हलका टोला, आणखी ६ मात्रांनी सगळे एकदम बंद. घंटा पूर्ण मावळेपर्यंत कोणी हात खाली करायचा नाही. टाळ्या तिथेच पडतात, निवेदकाला आधीच सांगायला लावा.

---

ठाय_दुगुन (चाळीसगाव)

वरच्यात एक भर. सुरुवातीलाही शांतता हवी. 'कॅन्टस' विरामाने सुरू होतो, पहिला टोला त्यानंतर. हात वर, तीन मात्रा काही नाही, मग घंटा.

---

वाघूरकाठ

सगळ्यांचे आभार, वही भरली. घंटा बघितली: पाचात चार वेळा काळी चार दिली. म्हणजे सगळं अर्धा स्वर खाली. मुलींना ते सोयीचंच आहे, पेटीवाल्याची मात्र बोटं बदलणार.

शेवटचं विचारतो. मोठा सभागृह पत्र्याचा आहे. त्याऐवजी चांगदेवच्या दगडी मंदिरात केलं तर गुंज मिळेल का?

---

वाटी_आणि_घंटा (भुसावळ)

ते संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय नाही, आणि ती फेब्रुवारीपर्यंत हाती येईल या भरवशावर राहू नका. कॉलेजातच दगडी किंवा विटांचा, उंच छताचा, पडदे-गाद्या नसलेला जिना किंवा व्हरांडा शोधा. एकच टाळी वाजवा आणि ती किती वेळ राहते ते मोजा. दोन सेकंदांच्या वर राहिली तर तिथेच करा. त्याहून कमी असेल तर ५४ची लय ६०वर न्या, कोरड्या जागेत संथ स्वर तुटक वाटतात.

पंखे आणि कूलर पहिल्या टोल्याआधी बंद. संध्याकाळची वेळ घेऊ नका, फेब्रुवारीत लग्नसराई असते आणि नेमक्या शेवटच्या टोल्याला बाहेरून वरात जाते. सकाळी साडेआठ.

---

पेटीमास्तर (धुळे)

काळी चार झाली ना, मग दोन्ही पेट्यांवर सा, ग, प च्या पट्ट्यांना आधी खडूची खूण करा. पांढऱ्या सहाच्या सवयीने टी वाला पहिल्या दिवशी हमखास शेजारच्या पट्टीवर जातो. आणि दुसऱ्या पेटीबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य, भुसावळकर. भाता थांबवून बघितला, चांगलं मावळतं. फक्त ज्या पेटीचा भाता गळतो ती टी ला द्या, घट्ट भात्याची हवा लवकर संपत नाही.